मॉड्यूल गेलं की जागा गेली? राउटरच्या दुरुस्तीवर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतल्या बहुतेक प्रश्नांच्या शेवटी 'नवं घ्यावं का?' असं विचारलंय. त्यातल्या निम्म्या ठिकाणी उत्तर 'थांबा' असंच आहे. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिलेत.

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर : आमच्या राउटरच्या एका जागेत (स्लॉटमध्ये) चार पोर्टांचं, म्हणजे केबल लावायच्या चार भोकांचं, एक जादा मॉड्यूल (काढता-घालता येणारं कार्ड) बसवलेलं आहे. महिन्याभरापासून ते मधूनच बंद पडतं. दिवे विझतात, राउटर मात्र चालू राहतो. 'शो प्लॅटफॉर्म' ही आज्ञा राउटरला दिली की त्या मॉड्यूलपुढे 'आऊट ऑफ सर्व्हिस' दिसतं. राउटर बंद करून चालू केला की चार-पाच दिवस सुरळीत चालतं. असं पाच वेळा झालं. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं, नवं घ्या. खात्री कशी करायची?

पाच वेळा बंद-चालू केलंत, म्हणजे पाच वेळा पुरावा पुसलात. राउटरची लॉग-नोंद मेमरीत असते आणि खटका पाडला की ती जाते. आधी ती बाहेर साठवायची सोय करा. ऑफिसातल्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या संगणकावर सिसलॉगचा, म्हणजे या नोंदी साठवणारा, प्रोग्रॅम टाका आणि राउटरला त्याचा पत्ता द्या. शिवाय राउटरचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा. वेळ चुकलेली असेल तर 'दुपारी कॉम्प्रेसर चालू झाला आणि मॉड्यूल पडलं' असला संबंध जोडताच येत नाही.

पुढच्या वेळी मॉड्यूल पडलं की खटक्याला हात लावायच्या आधी 'शो लॉगिंग', 'शो प्लॅटफॉर्म', 'शो इन्व्हेंटरी' आणि 'शो एन्व्हायर्नमेंट ऑल' या चार आज्ञांचं उत्तर फाईलमध्ये घ्या. आज्ञांवरून तुमचा राउटर सिस्कोच्या आयएसआर ४००० मालिकेतला दिसतो, म्हणून पुढचं त्या हिशेबानं लिहितो.

इन्व्हेंटरीत त्या मॉड्यूलचा पार्ट नंबर आणि सिरियल नंबर दिसतोय का, हे सगळ्यात आधी पाहा. प्रत्येक मॉड्यूलवर ओळखीची एक छोटी चिप असते आणि राउटर ती वाचून हे नंबर दाखवतो. नंबर दिसले तर निदान त्या चिपेच्या पिना तरी टेकलेल्या आहेत. नंबरच गायब असेल तर मॉड्यूल नीट बसलेलं नाही, पिन वाकलीय किंवा ती चिप गेलीय. नंबर दिसतोय पण अवस्था 'आऊट ऑफ सर्व्हिस', तर मॉड्यूल ओळखलं जातंय पण उठत नाही. जुन्या सॉफ्टवेअरवर नवं मॉड्यूल बसवलं तरी असंच दिसतं, पण तुमचं चार-पाच दिवस चालतं, म्हणजे ती शंका खोडून टाका. 'शो प्लॅटफॉर्म'मध्येच मॉड्यूल किती वेळापूर्वी घातलं गेलं याचा रकाना असतो. राउटर तीन महिने चालू आणि मॉड्यूल दोन तासांपूर्वी घातलेलं, मधे कुणी हातही लावलेला नाही, असं दिसलं तर संपर्क सैल आहे असं समजा.

मग फक्त मॉड्यूल उठवून बघा : 'एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट ०/१ रीलोड'. आकडा तुमच्या जागेप्रमाणे बदला. त्या पोर्टांवरचं काम काही मिनिटं थांबेल, हे आधी सांगून ठेवा. एवढ्यावर मॉड्यूल उठलं तर दोष बहुधा त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये किंवा उष्णतेत असतो. रीलोडनं उठत नाही, पण बाहेर काढून परत घातलं की उठतं, तर संपर्काकडे बघा. या दोन्हींनी काही होत नाही आणि पूर्ण वीज बंद केली तरच उठतं, तर संशय पॉवर सप्लायवर किंवा मुख्य बोर्डावर घ्या. अशा वेळी नवं मॉड्यूल आणलंत तर तेही पाचव्या दिवशी झोपेल.

मॉड्यूल बाहेर काढायचं तर आधी 'स्टॉप'ची आज्ञा द्या, त्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग दोन्ही स्क्रू सोडून सरळ ओढा. ही चालू राउटरमधून काढायची मुभा या मालिकेत आहे. जुन्या २९०० मालिकेतली छोटी कार्डं वीज बंद केल्याशिवाय काढू-घालू नका. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. टॉर्च लावून जागेतल्या पिना तिरप्या नजरेनं बघा, वाकलेली पिन समोरून दिसत नाही. संपर्काची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोडा. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो निघाला की पुढच्या पावसाळ्यात त्या जागी गंज धरतो.

आता खरी परीक्षा. तेच मॉड्यूल शेजारच्या जागेत घाला. इथं एक फसगत हमखास होते : जागा बदलली की पोर्टाचं नाव बदलतं. ०/१/० साठी लिहिलेली सेटिंग ०/२/० ला आपोआप लागू होत नाही. पोर्ट बंद दिसतो आणि 'बघा, कार्ड मेलंय' असा निकाल लागतो. आधी सेटिंगची प्रत घ्या आणि नव्या नावाखाली ती परत लिहा. दोष मॉड्यूलबरोबर नव्या जागेत गेला तर मॉड्यूल खराब. मॉड्यूल नव्या जागेत ठणठणीत आणि जुन्या जागेत घातलेलं दुसरं मॉड्यूल पडलं, तर जागा खराब. म्हणजे मुख्य बोर्डच. अशा वेळी ती जागा झाकणपट्टी लावून सोडून द्यायची. झाकणपट्टी लावाच, उघड्या भोकातून हवा पळाली की आतल्या चिपांवरून वाहत नाही.

तुमचा दोष चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर निदान दहा दिवस थांबा. एका वेळी एकच बदल. मॉड्यूल, केबल आणि पॉवर सप्लाय एकदम बदलले तर राउटर सुधारेल, पण कशानं सुधारला ते कळणार नाही. वॉरंटीत पाठवताना या दहा-दहा दिवसांच्या नोंदी सोबत जोडा. 'मॉड्यूल चालत नाही' एवढंच लिहिलं की समोरून पहिलं उत्तर 'राउटर रीस्टार्ट करून बघा' असंच येतं.

कागल : आमचं गाव ते कोल्हापूर अशी १७ किलोमीटरची एका तारेची फायबर जोडणी आहे. कोल्हापूरच्या बाजूचं एसएफपी मॉड्यूल (फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरीवर पाठवतं, आमच्या बाजूचं १५५० वर. दोन्हीकडे पाठवलेल्या प्रकाशाची ताकद उणे ६ डीबीएम दिसते (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). आमच्याकडे उणे १५ पोचतं, कोल्हापुरात मात्र उणे २३.४. लिंक सारखी तुटते. कोल्हापूरचं मॉड्यूल दोनदा बदललं, फरक शून्य.

मॉड्यूल बदलण्याआधी हा हिशेब करायला हवा होता. १३१० वर काचेत दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल घट होते, १५५० वर सुमारे ०.२२. प्रत्येक कनेक्टरला ०.५ आणि प्रत्येक स्प्लाइसला, म्हणजे तारेच्या कायमच्या जोडाला, ०.१ धरू. तुमच्या मार्गावर चार कनेक्टर आणि आठ स्प्लाइस आहेत असं मानलं, तर १३१० ची एकूण घट ५.९५ अधिक २ अधिक ०.८, म्हणजे ८.७५ होते. उणे ६ मधून ती वजा केली की उणे १४.७५ येतं. तुमच्याकडे उणे १५ पोचतंय, म्हणजे चोख. १५५० ची घट ३.७४ अधिक २.८, म्हणजे ६.५४. कोल्हापुरात उणे १२.५ च्या आसपास यायला हवं होतं, येतंय उणे २३.४. जवळजवळ ११ डेसिबल वाटेतच गेलं.

आता गंमत बघा. तार एकच आहे. कनेक्टरवर धूळ असती तर ती दोन्ही लहरींना थोडीफार सारखीच आडवी आली असती. इथं फक्त लांब लहर गळतेय. हे फायबर वाकल्याचं लक्षण आहे, कारण वाकलेल्या जागी १५५० ची लहर १३१० पेक्षा कितीतरी जास्त बाहेर सांडते. मॉड्यूल निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. एकच शंका उरते. आपल्या बाजूला उणे ६ दिसतं ते मॉड्यूल स्वतःबद्दल जे सांगतं ते. पॉवर मीटर मिळाला तर कागलच्या मॉड्यूलच्या तोंडाशी एक मीटरची स्वच्छ पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी तार) लावून एकदा मोजा. तिथं उणे ६ च्या जवळ आलं की मॉड्यूलचा विषय संपला.

मग वाक शोधा. पहिल्यांदा दोन्ही टोकांच्या रॅकमध्ये बघा : दाराच्या फटीत चिमटलेली पॅचकॉर्ड, केबल टायनं करकचून आवळलेला गुंडाळा, क्लोजरच्या (जोडांच्या पेटीच्या) ट्रेमध्ये घट्ट वळवलेली तार. नेहमीच्या सिंगल मोड तारेला निदान ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण हवं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं नको. लाल लेझरची पेन काही किलोमीटरच चालते, पण रॅकमधला वाक त्यानं लगेच उजळतो. तिथं काही नाही सापडलं तर ओटीडीआर (तारेत प्रकाश सोडून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) आणा, आणि तो १५५० वरच लावा. १३१० वर लावलात तर वाक दिसायचा नाही आणि 'लाईन क्लिअर आहे' असा अहवाल हातात पडेल. पेन असो की मॉड्यूल, तारेच्या तोंडात डोळा घालू नका. १३१० आणि १५५० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र होते.

टेबलावर मॉड्यूल तपासताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका तारेवर दोन लहरींनी चालणारं मॉड्यूल स्वतःलाच वळवून तपासता येत नाही, कारण पाठवायची आणि घ्यायची लहर वेगळी असते. त्याला त्याचा जोडीदारच लागतो. दोन्हीकडे एकाच जातीचं लावलं तरी लिंक येत नाही, ही चूक गोदामातून घाईनं मॉड्यूल उचलताना होते. आणि ८० किलोमीटर पल्ल्याची मॉड्यूल एक मीटरच्या कॉर्डनं कधीही थेट जोडू नका. मधे अ‍ॅटेन्युएटर (प्रकाशाची ताकद कमी करणारा तुकडा) नसेल तर घेणारा भाग जळू शकतो.

शिरोली एमआयडीसी : फौंड्रीच्या ऑफिसातला राउटर दुपारी दोननंतर अडखळतो. पंख्याचा आवाज वाढलाय. तापमानाची सूचना येते. मागच्या आठवड्यात पंखा बदलला, तर आता 'फॅन फेल' येतं, पण पंखा फिरतोय.

फिरतोय पण राउटरला ते कळत नाही. अशा पंख्याला तीन किंवा चार वायरी असतात. तिसरी वायर फेऱ्यांचा इशारा परत पाठवते, चौथी असल्यास तिनं वेग कमी-जास्त होतो. बाजारातून दोन वायरींचा पंखा आणून लाल-काळी जोडली की हवा येते, इशारा येत नाही. जुन्या पंख्यावरचा व्होल्ट, अँपिअर आणि आकार वाचून तेवढ्याच वायरींचा घ्या. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुळवा. उलटा बसलेला पंखा गरम हवा परत आत ढकलतो.

फौंड्रीतली धूळ ही घरातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात लोखंडाचे आणि कोळशाचे कण असतात, ते वीज वाहून नेतात. पावसाळ्यात त्यांना ओल मिळाली की शेजारच्या दोन पायांमध्ये पूल तयार होतो. साफ करताना वीज पूर्ण काढा, राउटर बाहेर न्या. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही येतं. छोटा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरे. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरवलीत तर बेअरिंग जातं आणि मोटार उलट वीज बोर्डात सोडते. फौंड्रीत हे काम तीन महिन्यांनी करावं लागतं, वर्षातून एकदा पुरत नाही.

रॅक पत्र्याच्या छपराखाली आहे असं लिहिलंत. अशा बहुतेक राउटरांना आत येणारी हवा ४० अंशांपर्यंतच चालते. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली ती मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून तुमचा राउटर दोनलाच रुसतो. राउटरच्या तोंडाशी, खोलीच्या मध्यभागी नव्हे, थर्मामीटर ठेवून आठवडाभर आकडे लिहा. रॅक आतल्या खोलीत हलवता आला तर पंखा, फिल्टर आणि मॉड्यूल यांपैकी काहीच बदलावं लागणार नाही, असंही होईल.

गडहिंग्लज : मेमधल्या वळवात वीज कडाडली आणि राउटरचे आठपैकी चार पोर्ट गेले. पाचव्या पोर्टावर १०० मेगाबिटचा वेग मिळतो, पण गिगाबिट (१००० मेगाबिट) येत नाही. मॉड्यूल बदलल्यावर पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?

चार पोर्ट ओळीनं गेले असतील तर त्यांना सांभाळणारी एकच चिप गेली असावी, कारण पोर्ट असे गटांनी चिपेला जोडलेले असतात. पाचव्या पोर्टाबद्दल आधी केबल बघा. १०० च्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात, १-२ आणि ३-६. गिगाबिटला आठही. ४-५ किंवा ७-८ तुटली की वेग १०० वर बसतो. दुसरी, नवी, छोटी केबल लावूनही १०० च आलं तर पोर्टाचा छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा चिपेचा तो भाग भाजलाय. तो पोर्ट आज चालतोय म्हणून भरवशाच्या कामाला लावू नका.

वीज आली कुठून? गेलेल्या चार पोर्टांत बाहेर जाणारी केबल कोणती होती ते लिहून काढा. बहुतेक वेळा गच्चीवरच्या कॅमेऱ्याची किंवा शेजारच्या इमारतीत लटकत गेलेली तांब्याची केबल निघते. पोर्टातला ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टांपर्यंतचा ताण अडवायला बनवलेला असतो, विजेपुढे ते काहीच नाही. दोन इमारतींमध्ये तांबं नकोच, फायबर टाका. त्यासाठी लागणाऱ्या दोन मीडिया कन्व्हर्टरांचा (तांब्याची केबल फायबरला जोडणाऱ्या डब्यांचा) खर्च एका मॉड्यूलपेक्षा कमी येतो. कॅमेऱ्याला तांबं ठेवावंच लागत असेल तर केबल इमारतीत शिरते तिथं सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) बसवा आणि त्याची अर्थिंगची तार आखूड ठेवा. अर्थिंग चांगली नसेल तर तो प्रोटेक्टर शोभेचा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात लोड चालू असताना मल्टिमीटर लावा, २-३ व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला आधी बोलवा, मॉड्यूल नंतर.

राजारामपुरी : घरचा राउटर संध्याकाळी सारखा रीस्टार्ट होतो. अ‍ॅडॉप्टर मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट दाखवतो.

रिकाम्या अ‍ॅडॉप्टरचे १२.१ व्होल्ट काही सांगत नाहीत. भार द्या. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावलात तर सुमारे ०.८ अँपिअर खेचला जातो, दोन बल्ब समांतर लावले तर १.६ च्या आसपास. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा जास्त भार देऊ नका. बल्ब लागलेला असताना व्होल्टेज ११.४ च्या खाली गेलं किंवा सारखं हलत राहिलं तर आतले कपॅसिटर वाळलेत. संध्याकाळीच का, तर तेव्हा घरातले सगळे फोन आणि टीव्ही वायफायवर येतात, राउटर जास्त वीज मागतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या मधल्या बाजूला धन आहे का ते लेबलवरच्या चिन्हावरून बघा.

शाहूपुरी : पुराच्या पाण्यात राउटर आणि मॉड्यूल बुडाले होते. वाळवून ठेवलेत. चालू करून बघू का?

नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या वस्तू चालू करून लोकांनी त्या कायमच्या घालवल्या. पाणी वाळतं, पण पंचगंगेच्या पाण्यातला गाळ आणि क्षार आत राहतात. बोर्डावर बटणासारखी बॅटरी असेल तर ती सगळ्यात आधी काढा, तिच्यामुळे गंज वाढतच राहतो. मॉड्यूल आणि बोर्ड बाजूला काढून डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश फिरवा. ४० ते ५० अंशांच्या उबेत दोन दिवस ठेवा, हेअर ड्रायर नको. पॉवर सप्लाय मात्र धुऊन वापरू नका, तो बदलाच, कारण त्यात २३० व्होल्ट थेट येतात आणि त्याच्या कॉइलच्या आत अडकलेलं पाणी निघत नाही. पहिल्यांदा चालू करताना मॉड्यूल न घालता फक्त राउटर लावा, अर्धा तास जवळ बसून वास आणि उष्णता बघा. तो टिकला तर मग एकेक मॉड्यूल घाला. सेटिंगची प्रत मात्र राउटर उठल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या.